आजी, आडाळो आणि खालून गेलेली कोंबडी: हवेत तरंगणारा फोटो कसा काढायचा

देवगडच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ आहे. बाबांनी काढलेला, आता मी बघते. पासपोर्ट साइज, लग्नं, बारशी, शाळेचे वर्गफोटो, एप्रिल-मेमध्ये बागायतदारांच्या आंब्याच्या पेट्यांचे फोटो, असं वर्षभर चालतं. काउंटरच्या मागच्या भिंतीवर १२ बाय १८ इंचांचा एक फोटो लावलाय. आमची आजी घरापुढच्या खळ्यात आडाळ्यावर बसून नारळ खवतेय. (आडाळो म्हणजे आमच्याकडची विळी, पात्याच्या टोकाला खवणीचे दात असलेली.) एवढंच की आडाळो जमिनीला टेकलेला नाही. आजीसकट तो दोन फूट वर आहे आणि खालून एक कोंबडी चाललीय.

पासपोर्टसाठी स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक मान वळवून हमखास विचारतं, "गो, म्हातारेक कशार टांगलंस?"

टांगलेली नाही. जांभा दगडाच्या सहा चिऱ्यांवर बसवली होती आणि चिरे नंतर फोटोतून काढले. कसे, ते इथे सांगते. कॅमेरा नसेल तर मोबाइल चालेल. फोटोशॉप नसेल तर फुकटातलं गिंप किंवा ब्राउझरमध्ये उघडणारं फोटोपी चालेल. ट्रायपॉड मात्र पाहिजेच. "मी हात अगदी स्थिर धरतो" म्हणणाऱ्यांनी हा लेख इथेच सोडावा.

युक्ती एका ओळीची आहे. कॅमेरा न हलवता दोन फोटो काढायचे, एक रिकाम्या जागेचा आणि एक स्टुलावर बसलेल्या माणसाचा. मग स्टूल असेल तेवढ्याच भागात रिकाम्या जागेचा फोटो दाखवायचा. बाबा फिल्मच्या जमान्यात 'डबल रोल' काढायचे तो हाच प्रकार. लेन्सपुढे अर्ध्या भागावर काळा कागद, आधी डावी बाजू, मग कागद सरकवून उजवी, दोन्ही एकाच निगेटिव्हवर. त्यांच्या जुन्या अल्बममध्ये एक नवरदेव स्वतःच्याच गळ्यात हार घालतोय. फ्रान्समध्ये इव्ह क्लाईन या कलावंताने १९६० साली घराच्या उंचीवरून थेट रस्त्यावर झेप घेतल्याचा फोटो करून घेतला. खाली मित्र ताडपत्री धरून उभे होते. हॅरी शुंक आणि यानोश केंडर या फोटोग्राफरांनी झेपेचा वरचा भाग आणि त्याच रस्त्याचा रिकामा फोटो डार्करूममध्ये एकत्र बसवला, ताडपत्री गायब. त्या फोटोच्या एका आवृत्तीत रस्त्यावर एक सायकलवाला आहे, त्याला वरचा प्रकार ठाऊकच नाही. तो सायकलवाला बघितल्यापासून माझ्या डोक्यात बसलाय. त्याच्यामुळे रस्ता खरा वाटतो, आणि रस्ता खरा म्हणून झेप खरी. माझी कोंबडी म्हणजे तोच सायकलवाला.

आजीच्या आधी एक फजिती झाली, तीही सांगते, कारण सगळे नवशिके तिथूनच सुरुवात करतात. मामेबहिणीला पांढरा घेरदार ड्रेस घालून बागेत आडवी झोपवली, आंब्याच्या लाल प्लॅस्टिक क्रेटवर. पाठीखाली एक, पोटऱ्यांखाली एक. फोटो काढताना छान वाटलं. कॉम्प्युटरवर क्रेट पुसले आणि तीन गोष्टी उघड्या पडल्या. पहिली, क्रेटचा लाल रंग ड्रेसच्या खालच्या बाजूवर उतरला होता. क्रेट गेले, लाली राहिली. दुसरी, पाठीचा जो भाग क्रेटवर दाबला गेला तिथे ती पोळपाटावर ठेवलेल्या कणकेसारखी सपाट दिसत होती. तिसरी, मानेच्या शिरा ताणलेल्या, बोटं आवळलेली, पायाचे पंजे काटकोनात. तरंगणारं माणूस असं नसतं. ते पडायला घाबरलेलं माणूस होतं. तीन रात्री त्यावर घालवल्या, मग फाइल उडवली.

म्हणून पहिल्या फोटोसाठी माझा आग्रह आहे की माणूस अशा वस्तूवर बसवा जी फोटोत राहणार आहे. पाट, चटई, झोपाळ्याची फळी, आडाळो. दाबून सपाट व्हायचं ते त्या वस्तूवर होईल आणि ते कुणाला खटकणार नाही. टेकूला रंग नसावा. चिरा चालतो, जुनं लाकूड चालतं, राखाडी गोणपाट गुंडाळलेलं काहीही चालतं. आणि टेकू वरच्या वस्तूपेक्षा अरुंद असावा, म्हणजे पाटाच्या दोन्ही कडा मोकळ्या हवेत येतात आणि पुढचं खोडकाम निम्म्यावर येतं.

खळ्यातली सकाळ

पाऊस संपून खळं नव्याने घातलं होतं, ऑक्टोबरचा शेवट. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हाताचे अर्धगोल उमटलेले, काकीने आदल्या दिवशीच सारवलेलं. सकाळी दहाच्या सुमारास ऊन डावीकडून तिरकं येत होतं, माणसाची सावली जवळपास माणसाएवढी. ही वेळ मी मुद्दाम धरली. ऊन तिरकं असेल तर तरंगणाऱ्या माणसाची सावली त्याच्या बरोबर खाली पडत नाही, बाजूला सरकते. दोन फूट उंचीवर बसलेल्या आजीची सावली दोन फूट उजवीकडे, आणि तिच्या थेट खालची जमीन लख्ख उन्हात. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण डोळा ते नोंदतो. भर दुपारी सावली थेट खाली पडते आणि पुसलेल्या टेकूची जागा अंधारी राहते. ढगाळ दिवशी सावलीच नसते. शिकायला तो दिवस सोपा, पण फोटो स्टिकरसारखा चिकटवलेला दिसतो.

सगळ्यात आधी रिकामी फ्रेम. आजीला बाहेर आणण्याआधी, चिरे मांडण्याआधी. सारवलेल्या जमिनीवर चिरा ठेवला की कडांचे वळ उठतात, वाळूत पावलं उमटतात, गवत दबतं. नंतर 'आता सगळे बाजूला व्हा, रिकामा घेते' म्हणालात तर तो रिकामा नसतो, तुडवलेला असतो.

कॅमेरा बारा फुटांवर, १८-५५ मिमी झूम लेन्स ३५ मिमीच्या आसपास. लेन्सचं छिद्र एफ ८, शटर १/५०० सेकंद, उजेडाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ २००. आकडे तुमच्या उन्हाप्रमाणे बदलतील. एकदा ठरले की मात्र शेवटच्या फोटोपर्यंत तेच, म्हणून मोड मॅन्युअल. व्हाइट बॅलन्सही ऑटोवरून काढून 'सूर्यप्रकाश'वर ठेवा. ऑटोवर ठेवलं तर आजीची केशरी साडी फ्रेममध्ये आली की कॅमेरा आपल्या मनाने रंग बदलतो आणि दोन फोटोंतली जमीन दोन गावांची दिसते. फोकस आजी बसणार त्या जागी कुणाला तरी उभं करून घ्या आणि लेन्सचं बटण मॅन्युअलवर सरकवा. लेन्समध्ये स्टॅबिलायझर (हाताचा थरथराट सावरणारी सोय) असेल तर ट्रायपॉडवर तो बंद. मोबाइलवाल्यांनी स्क्रीनवर बोट दाबून धरायचं, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. शटर दाबताना हात लावू नका, २ सेकंदांचा टायमर लावा किंवा रिमोट वापरा.

कॅमेऱ्याची उंची किती, हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तिथेच फसतात. माझी लेन्स आडाळ्याच्या पाटाच्या बरोबर पातळीत होती, म्हणजे जेमतेम गुडघ्याएवढी. लेन्स त्याहून खाली नेली तर पाटाचा तळ दिसायला हवा. पण तळाला चिरे चिकटलेले असल्यामुळे तो फोटोत येतच नाही, पुढे हाताने रंगवावा लागतो. लेन्स वर नेली तर आजीकडे आपण वरून बघतो आणि ती जमिनीवर बसल्यासारखीच वाटते. पाटाच्या पातळीत ठेवली की पाटाची फक्त कड दिसते. वरची बाजू नाही, खालची नाही, खोडायला एक सरळ रेघ.

मग चिरे रचले. एका थरात दोन, असे तीन थर. वर आडाळो, पातं बोथट झालेला जुना. आजीला काकांनी दोन्ही हातांनी धरून बसवली आणि मागे उकिडवे बसून तिच्या पाठीला हात लावून राहिले. काका फोटोत दिसले तरी हरकत नाही, रिकाम्या फ्रेमने तेही जातात, फक्त त्यांचा हात आजीच्या पुढून यायला नको. म्हातारं माणूस किंवा मूल असेल तर धरणारं माणूस हवंच. फोटो पुन्हा काढता येतो.

शेजारची काकू कुंपणावरून ओरडली, "कित्या गो तिका चिऱ्यार चढवलंस?" आजी म्हणाली, "माका उडवतत." आणि हसली. तीच फ्रेम मी ठेवली.

आजीचा एक पाय आडाळ्यावर मुडपलेला, दुसरा खाली मोकळा. त्या मोकळ्या पावलावर मी दहा मिनिटं घालवली. चिऱ्याला टाच लागली की पाऊल आखडतं. "पाय झोपाळ्यावरून सोडतेस तसा सोड" म्हटल्यावर बोटं आपोआप खाली झुकली. तरंगणं पावलात दिसतं, चेहऱ्यात नाही. साडीचा पदर धाकट्या भावाने दोऱ्याने मागे ओढून सोडून दिला. तो सुटल्यावर हवेत असतानाचे दहाबारा फोटो, त्यातला एक बरा आला.

खवलेला नारळ पडतो ते ताटही हवेत हवं होतं. भावाने बाजूने हात लांब करून ताट धरलं. धरलेल्या हाताची बोटं ताटाच्या काठावर येतात, ती पुसली की काठ तुटका दिसतो. म्हणून ताट दोनदा धरून घ्यायचं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, तेच ताट, तीच उंची. डाव्या फोटोतला उजवा काठ आणि उजव्या फोटोतला डावा काठ, दोघांची बेरीज म्हणजे कुणीच न धरलेलं ताट. छत्री, पुस्तक, कंदील, काहीही हवेत ठेवायचं तर असंच.

कोंबडी शेवटी. आजीला उतरवलं, चिरे काढले, आजी होती त्या जागेच्या बरोबर खाली मूठभर तांदूळ टाकले. कॅमेरा तसाच, सेटिंग तसंच. कोंबड्या आल्या. चाळीस फोटो काढले, त्यातल्या एकात एकच कोंबडी, एक पाय उचललेला, उन्हात, आपली छोटी सावली घेऊन. हा भाग वीस मिनिटांत उरकला, पण तेवढ्यात ऊन सरकतं. सूर्य तासाला १५ अंश फिरतो, वीस मिनिटांत पाच. कोंबडीची सावली आजीच्या सावलीपेक्षा जराशी वेगळ्या दिशेला आहे. मला दिसते. अजून दुसऱ्या कुणी दाखवलेली नाही. रिकाम्या फ्रेमच्या बाबतीत मात्र एवढी सूट घेऊ नका. एक आधी काढली असली तरी प्रत्येक पोझनंतर माणसं आणि टेकू बाजूला करून आणखी एक घ्या. समुद्राकडून एक ढग आला की उजेड पार बदलतो, आणि आपल्याकडे तो न सांगता येतो.

चिरे काढायचे कसे

फाइली उघडल्या की खाली रिकामी फ्रेम, तिच्यावर आजी, सगळ्यात वर कोंबडी आणि ताटं, असे लेयर, म्हणजे एकावर एक थर, लावा. आधी बघा की दोन फ्रेम जुळतात का. आजीच्या लेयरचा ब्लेंड मोड 'डिफरन्स' करा. जे जे दोन्ही फोटोंत सारखं आहे ते काळंभोर होतं. मागच्या घराच्या कौलांभोवती पांढरट रेघा दिसल्या तर कॅमेरा हलला होता. लेयर बाणांच्या बटणांनी एकेक पिक्सेल सरकवत रेघा जाईपर्यंत जुळवा. मग मोड पुन्हा 'नॉर्मल'.

आता आजीच्या लेयरला मास्क जोडा, पांढरा. मास्क म्हणजे पुसणं नव्हे. काळ्या ब्रशने रंगवाल तिथे वरचा लेयर दिसेनासा होतो आणि खालचा दिसतो. चुकलं तर पांढऱ्याने परत रंगवा, आजी परत येते. खोडरबर वापरणाऱ्यांची आजी परत येत नाही.

चिऱ्यांवर काळा ब्रश फिरवला की खालचं सारवलेलं खळं वर येतं, हाताच्या अर्धगोलांसकट. पहिल्यांदा हे बघताना मजा येते, मी अजूनही तिथे जरा हळू जाते. मोबाइलमधल्या 'वस्तू पुसा' बटणाने हेच करून पाहिलं होतं. चिरे गेले, पण त्या जागी यंत्राने आपल्या मनाने जमीन भरली आणि काकीच्या बोटांच्या रेषा मधेच तुटून भलत्याच दिशेला वळल्या. शिवाय चिऱ्यांची सावली तशीच पडून. जमिनीवरची एखादी काडी, कपडा वाळत घालायची तार, असल्या किरकोळ गोष्टींना ते बटण ठीक आहे. टेकूला नाही.

पाटाची खालची कड हीच खरी परीक्षा. २०० टक्के झूम, कडक ब्रश, पाच-सहा पिक्सेलचा. पाटाच्या डाव्या टोकाला एक क्लिक, मग शिफ्ट दाबून उजव्या टोकाला एक क्लिक. मधली रेघ सरळ ओढली जाते, फोटोशॉप, गिंप, फोटोपी तिन्हींत. पाट आणि चिरा यांच्या फटीत एक काळी बारीक रेघ उरते, ती जायला हवी, नाहीतर पाटाला अजून काहीतरी चिकटलंय असं वाटतं. कडेपासून दूर जमिनीवर मऊ ब्रश. काकांना मोठ्या ब्रशने दोन फटक्यांत घालवलं. ते अजून त्याबद्दल बोलतात.

आता सावली. आजीच्या मूळ फोटोत चिऱ्यांच्या बुडापासून उजवीकडे एक सावली निघते आणि पुढे आजीच्या सावलीत मिसळते. चिऱ्यांचा तुकडा काढायचा, आजीचा ठेवायचा. दोघांची हद्द कुठे, हे डोळ्याने कळत नाही, हिशेबाने कळतं. ऊन साधारण ४५ अंशांचं, पाट दोन फूट उंच. म्हणजे पाटाच्या डाव्या टोकाची सावली त्या टोकाच्या खालच्या जमिनीपासून दोन फूट उजवीकडे पडते. पाटाची लांबीही जवळपास तेवढीच होती, म्हणून फोटोतच पाटाच्या लांबीने मोजलं. त्या रेषेच्या डावीकडची सगळी सावली मास्कने घालवली. उजवीकडे आजीची सावली राहिली, तिला डावीकडे पाटाची कड द्यायची. ही कड चाकूने कापल्यासारखी नको. सूर्य ठिपका नाही, थाळी आहे, म्हणून वस्तू जितकी उंच तितकी सावलीची कड भुरकट. मीटरभर अंतराला सुमारे सेंटिमीटर. दोन फुटांवरच्या पाटाला नखाएवढी भुरकट कड पुरते, ब्रश तेवढाच मऊ ठेवा.

सावली नव्याने करावीच लागली (टेकूच्या गडबडीत मूळ सावली बिघडते कधीकधी) तर काळा रंग वापरू नका. उन्हातली सावली काळी नसते. सारवलेल्या जमिनीवर ती हिरवट तपकिरी, जांभ्यावर मातकट लाल, वाळूवर निळसर. त्याच फोटोतल्या माडाच्या किंवा खांबाच्या सावलीतून रंग उचला, नवा लेयर घ्या, मोड 'मल्टिप्लाय', आणि शेजारच्या खऱ्या सावलीइतका गडद होईपर्यंत ओपॅसिटी (लेयरचा दाटपणा) वाढवा.

कोंबडीचं सोपं. तिचा लेयर सगळ्यात वर, मास्क पूर्ण काळा, आणि पांढऱ्या ब्रशने कोंबडी, तिची सावली आणि चार तांदूळ तेवढे उघडायचे. पिसांच्या कडेला मागची थोडी जमीन आली तरी चालते, जमीन तीच आहे ना. जागा, ऊन, कॅमेरा एक ठेवण्याचा फायदा तो.

रंग, कॉन्ट्रास्ट, सगळं शेवटी आणि सगळ्या लेयरवर एकदम. मग फोटो आडवा उलटा करून बघा, डावं उजवीकडे. रोज बघून डोळा मेलेला असतो, उलटा केला की चुका उठून दिसतात. आणि घरातल्या कुणाला तरी काही न सांगता दाखवा. ते काय बोलतात ते सोडा, नजर कुठे अडकते ते बघा. माझ्या आईची नजर ताटाच्या काठाशी थांबली होती. तिथे भावाच्या अंगठ्याचा अर्धा सेंटिमीटर राहिला होता.

पुळणीवर

समुद्रकिनारा सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त छळतो. लाटा दोन फोटोंत सारख्या कधीच नसतात. त्यामुळे टेकू पाण्यासमोर येऊ देऊ नका, त्याच्या मागे फक्त वाळू असेल असा कॅमेरा लावा. मास्क वाळूतच संपला की लाटा कुठल्याही असोत, फरक पडत नाही. इथे कॅमेरा गुडघ्याऐवजी कमरेएवढा वर घ्यावा लागतो.

वेळ तिथी बघून ठरवा. आमच्याकडे जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणतात आणि भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बारा. ढोबळ हिशेब, पण पुरतो. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी, आणि ती उधाणाची असल्यामुळे पाणी लांबवर मागे गेलेलं. देवगडजवळ मिठमुंबरीला किंवा कुणकेश्वरला त्या वेळी पायाखाली कोरडी, कोणी न तुडवलेली वाळू मिळते आणि मागे मावळतीचा उजेड. ओली आरशासारखी वाळू मोह घालते. पहिल्या महिन्यात तिच्या नादी लागू नका, कारण टेकूचं प्रतिबिंबही काढावं लागतं आणि माणसाचं प्रतिबिंब टेकूने अर्धं झाकलेलं असतं.

ट्रायपॉडचे पाय वाळूत हळूहळू रुततात, दहा मिनिटांत फ्रेम खाली सरकते आणि कळतही नाही. प्रत्येक पायाखाली बरणीचं रुंद झाकण ठेवा, नाहीतर करवंटी पालथी घाला. मधल्या दांड्याला वाळू भरलेली पिशवी लटकवा, वारा असतोच. लेन्स तिथे बदलू नका. घरी आल्यावर ओलसर फडक्याने मीठ पुसा, आधी कॅमेरा, मग ट्रायपॉडचे सांधे.

पुळणीवर मला आवडतो तो प्रकार पावलांचा. रिकामी फ्रेम काढायची. मग माणसाने कोपऱ्यातून चालत यायचं, ठरलेल्या जागी थांबायचं, आणि आपल्याच पावलांवर पाय ठेवत उलटं परत जायचं. पावलांची ओळ मधेच संपते. याची एक फ्रेम घ्या, हीच तुमची खरी रिकामी फ्रेम. मग पलीकडच्या बाजूने टेकू आणून त्या शेवटच्या पावलाच्या वर माणूस बसवा. टेकू आणणाऱ्याची पावलं मास्कमध्ये जातात, चालत आलेल्याची राहतात.

टेकूच नको असेल तर उडी मारा. टोकियोच्या नात्सुमी हायाशीने अशीच स्वतःची छायाचित्रं काढली, टायमर लावून, उडी मारून, कॉम्प्युटरवर काही न पुसता. शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान, एका दमात पाच-सहा फोटो काढणारा मोड, आणि उडी वर जायला नव्हे तर पाय शांत ठेवून मारायची. हे सांगणं सोपं आहे. फोटोग्राफर फिलिप हाल्समनने १९४८ मध्ये चित्रकार साल्वादोर दालीला मांजरं आणि बादलीभर पाण्यासकट हवेत पकडलं, त्याला २८ वेळा उड्या मारायला लावल्या, आणि त्यातली खुर्ची त्याच्या बायकोने धरली होती. भावाच्या तर साठ उड्या झाल्या. एकसष्टाव्या उडीला तो म्हणाला, "माझा मोबाइल दे आणि तू उडी मार."

सड्यावर (आमच्याकडचं कातळाचं उघडं पठार) पावसाच्या शेवटी जाणार असाल तर क्षितिज एकदम मोकळं मिळतं, खाली फुलं, मागे काही नाही. टेकू उघड्या कातळावर ठेवा, फुलांवर नको. कातळशिल्पं (कातळात कोरलेली जुनी चित्रं) असतील त्या जागेवर स्टूल, ट्रायपॉड काहीच नको. सिंधुदुर्गातल्या कुडोपीसारखी ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि यादीत नसती तरी नको. किल्ल्याच्या तटावर किंवा लाटा फुटतात त्या खडकांवर टेकू मांडणाऱ्यांना मी फोटो शिकवत नाही. उंची फोटोत वाढवता येते: माणूस सपाट जमिनीवर दोन फूट उचला आणि नंतर त्याचा लेयर वर सरकवा. तेव्हा सावलीही तेवढीच बाजूला सरकवायची आणि कड थोडी आणखी मऊ करायची, हे विसरू नका.

आजीचा फोटो मॅट कागदावर छापला. चकचकीत कागदावर काउंटरच्या ट्यूबलाइटचा पट्टा बरोबर कोंबडीवर पडत होता. फ्रेम करून घरी नेला आणि आजीच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ आणला, कोंबडीवर बोट ठेवलं, मग आडाळ्यावर.

"ह्यो आडाळो परत जाग्यार ठेवलंस मां?"

नव्हता ठेवला. चिऱ्यांशेजारी खळ्यातच पडला होता.